रात्रीची शुगर आणि दंडावरचा सेन्सर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला टाइप 1 मधुमेह होऊन तीन वर्षे झाली. त्यांपैकी पहिली सव्वादोन वर्षे मी रात्री 2 आणि पहाटे 4 असे दोन गजर लावून उठत होते, झोपलेल्या मुलाचे बोट टोचून शुगर पाहत होते आणि ती 70 च्या खाली आली असेल, तर त्याला अर्धवट झोपेतच ग्लुकोजचे पाणी पाजत होते. गेले नऊ महिने तो शुगर सतत मोजणारा सेन्सर दंडावर लावतो. हे लिखाण त्या सेन्सरविषयी आणि तेही केवळ रात्रीच्या उपयोगाविषयी आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण येथील बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कोणत्याही सेन्सरला लागू पडतात.

दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी अशी ही चकती 14 दिवस चालते. तिची केसासारखी तार त्वचेखाली राहते आणि ती रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. त्यामुळे शुगर वेगाने उतरत असताना फोनच्या पडद्यावरचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. हे समजल्यावर आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने अलार्म 70 ऐवजी 80 वर लावला. शुगरची दिशा दाखवणारा आकड्याशेजारचा बाण मला आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. झोपताना 95 असून बाण खाली असेल, तर आडवा बाण असलेल्या 85 पेक्षा मला त्याची अधिक काळजी वाटते.

या सेन्सरने आम्हाला सर्वांत मोठी मदत केली ती अलार्मने नव्हे, तर आलेखाने. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मुलाचा खो-खोचा सराव असतो आणि नेमक्या त्याच रात्री दोन ते तीनच्या दरम्यान शुगर घसरते, हे पहिल्या तीन आठवड्यांतच दिसले. खेळून रिकामे झालेले स्नायू कित्येक तास रक्तातली साखर ओढून घेत राहतात आणि इन्सुलिनही त्या काळात अधिक प्रभावी ठरते. बोट टोचून आम्हाला रात्रीचे दोन सुटे आकडे मिळत, आणि त्यांवरून आम्ही विनाकारण रात्रीच्या जेवणाच्या डोसला दोष देत होतो. आता सरावाच्या दिवशी डॉक्टरांनी आमच्या मुलापुरते बेसल, म्हणजे दिवसरात्र मंदपणे काम करणारे, इन्सुलिन 20 टक्के कमी करून दिले आहे, आणि झोपण्यापूर्वी तो अर्धी भाकरी व दूध घेतो. झोपेत शरीराचा धोक्याचा इशारा मंदावतो, म्हणून मूल बहुधा जागे होत नाही. घामाने भिजलेली उशी आणि सकाळची डोकेदुखी एवढ्याच खुणा पूर्वी आमच्या हाती लागत.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पहिल्याच आठवड्यात रात्री दीड वाजता अलार्म वाजला, आकडा 48 होता आणि सारे घर जागे झाले. बोटाची शुगर मात्र 112 निघाली. मुलगा सेन्सरच्याच कुशीवर झोपला होता, आणि दाबामुळे तेथील द्रवाचा प्रवाह मंदावला की आकडा खोटा उतरतो. आता आम्ही त्याला कुशीवरून वळवतो, पण बोट तपासल्याशिवाय अलार्मकडे कधीही दुर्लक्ष करत नाही. नव्या सेन्सरच्या पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरही मी फारसा भरवसा ठेवत नाही.

दुसरी उणीव फोनची आहे. एका रात्री बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ॲप बंद पाडले आणि अलार्म वाजलाच नाही. शुगर चाळीस मिनिटे 58 च्या आसपास होती, हे सकाळी आलेखावर पाहिले तेव्हा माझे हातपाय गळाले. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळणे आणि सेन्सरला जोडलेला फोन मुलाच्या खोलीतच ठेवणे ही दोन कामे सेन्सर लावण्याआधी करावीत. माझ्या फोनवर येणारी सूचना इंटरनेटवर अवलंबून असते, म्हणून आजोळी रेंज नसते तेव्हा मी त्याच्याच खोलीत झोपते.

खर्च हा खरा अडसर आहे. वर्षाला 26 सेन्सर लागतात, आम्हाला एकाला चार-साडेचार हजार रुपये पडतात, आणि आमचा विमा त्यातले काहीच देत नाही. ज्यांना वर्षभर परवडत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या भेटीआधीचे 14 दिवस तरी तो लावावा आणि त्यांत खेळाचे व सुट्टीचे असे दोन्ही दिवस येतील असे पाहावे. आमच्यासारखा खेळाशी जोडलेला प्रश्न तेवढ्यातही उघड होऊ शकतो. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स यांना मात्र सुट्टी नाही.

मुलाच्या उशाशी आजही मीटर, टॉर्च आणि मोजून ठेवलेली ग्लुकोजची डबी असते. त्याचे वजन 30 किलो आहे, म्हणून किलोमागे 0.3 ग्रॅम या हिशेबाने तिच्यात 9 ग्रॅम ग्लुकोज असते, आणि ते दिल्यावर 15 मिनिटांनी आम्ही पुन्हा बोट तपासतो. पहाटे 4 चा गजर मी बंद केला आहे. 2 चा मात्र सेन्सर बदलल्यानंतरच्या पहिल्या रात्री अजूनही लावते.