ए-लेव्हलला इंग्लिश लिटरेचर घ्यावं की मीडिया स्टडीज?

इंग्लंडमध्ये जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, हा पेच येत नाही. इंग्लिश लँग्वेज सगळ्यांनाच असते, लिटरेचरही बहुतेक शाळा सगळ्यांना घ्यायला लावतात आणि मीडिया स्टडीज (जाहिराती, बातम्या, मालिका अशा माध्यमांचा अभ्यास) हा त्यावरचा एक ऐच्छिक विषय असतो. खरी निवड इयर ११, म्हणजे जीसीएसईचं वर्ष, संपताना करावी लागते. त्यापुढच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला साधारण तीनच विषय घ्यायचे असतात, आणि दोन ठरले की तिसऱ्या जागेसाठी बरेचदा या दोघांत ओढाताण होते. अशा वेळी घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते 'मीडिया सोपा आहे' हे. ते तपासून पाहिल्याशिवाय मानू नका.

मीडिया स्टडीजचा आजचा अभ्यासक्रम २०१७ पासून शिकवला जातो. त्यात ७० टक्के गुण लेखी परीक्षेला आणि ३० टक्के स्वतः बनवलेल्या कामाला आहेत. लिटरेचरमध्ये हे प्रमाण ८० आणि २० असं आहे. म्हणजे 'परीक्षा नको म्हणून मीडिया' हे कारण टिकत नाही.

एक्यूए या परीक्षा मंडळाच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहा. लिटरेचरच्या 'ए' अभ्यासक्रमात पहिला पेपर तीन तासांचा, दुसरा अडीच तासांचा, आणि प्रत्येकात २५ गुणांचे तीन निबंध. एका निबंधाला तास, निदान पन्नास मिनिटं मिळतात. मीडियाचे दोन्ही पेपर दोन-दोन तासांचे आणि ८४ गुणांचे. दुसऱ्या पेपरात ९ गुणांचा एक प्रश्न आणि त्यानंतर २५ गुणांचे तीन मोठे प्रश्न असतात. हिशेब केला तर मोठ्या उत्तराला जेमतेम पस्तीस मिनिटं येतात. तेवढ्याच गुणांसाठी लिटरेचर खोलात जायला वेळ देतं, मीडिया मात्र पाठ असलेलं चटकन आठवून मांडायला लावतो. ज्याचा हात संथ चालतो पण विचार खोल जातो, त्याला मीडियाचा हाच पेपर जड जातो.

काय वाचावं लागतं, यातही मोठा फरक आहे. लिटरेचरला दोन वर्षांत किमान आठ साहित्यकृती कराव्या लागतात. त्यांपैकी निदान तीन १९०० पूर्वीच्या, शेक्सपियरचं एक नाटक आणि २००० नंतरची एक कृती असायलाच हवी. मीडियात पुस्तकांचा गठ्ठा नसतो. तिथे मंडळाने नेमलेल्या जाहिराती, वर्तमानपत्रं, मासिकांची मुखपृष्ठं, रेडिओ कार्यक्रम, मालिका, संगीताचे व्हिडिओ, व्हिडिओ गेम असतात. एक्यूए त्यांना क्लोज स्टडी प्रॉडक्ट्स म्हणतं. यादी मधूनमधून बदलते, म्हणून जुन्या विद्यार्थ्याच्या नोट्स डोळे झाकून घेऊ नका. शिवाय रोलाँ बार्थ, स्टुअर्ट हॉल, बेल हुक्स, जुडिथ बटलर अशा जवळजवळ वीस अभ्यासकांचे सिद्धांत येतात, आणि ते वाचायला हलके नाहीत.

आधी न पाहिलेला मजकूर समोर आला की दोन विषयांची नजर कशी वेगळी चालते, ते जवळून पाहू. लिटरेचरच्या पेपरात चौदा ओळींचं सॉनेट आलं आहे. आठव्या ओळीपर्यंत कवी प्रेयसीची स्तुती करतो, नवव्या ओळीला 'पण' येतं आणि सूर बदलतो. गुण त्या 'पण'वर आहेत: यमक तिथेच का बदललं, ओळ मध्येच का तुटली, स्तुतीत आधीपासूनच शंका होती का. कागदावरच्या शब्दांबाहेर फारसं जावं लागत नाही. आता मीडियाच्या पेपरात अत्तराची जाहिरात आली आहे. कॅमेरा खालून वर पाहतो, रंग सोनेरी, मॉडेलची नजर थेट आपल्याकडे. इथवरचं वाचन दोन्हींकडे सारखंच. पण मीडियाचा विद्यार्थी तिथे थांबला तर गुण अडतात. ही बाई कोणत्या प्रकारची बाई म्हणून दाखवली आहे, ही जाहिरात कोणाला अत्तर विकत घ्यायला लावू पाहते, असं दाखवण्यात ब्रँडचा फायदा काय, हे त्याला पुढे सांगावं लागतं. उद्योग आणि प्रेक्षक यांवरच्या प्रश्नांत तर मालकी, पैसा आणि नियमन यांची पक्की माहितीच लागते: जाहिरातींवर एएसए, प्रसारणावर ऑफकॉम, चित्रपटांच्या वयोगटावर बीबीएफसी.

चुकाही वेगवेगळ्या होतात. लिटरेचरमध्ये कथानक सांगत बसणं ही नेहमीची चूक. काळाची माहिती एका वेगळ्या परिच्छेदात चिकटवणं ही दुसरी. व्हिक्टोरियन समाज कसा होता, हे त्या ओळीचा अर्थ बदलत असेल तरच कामाचं. मीडियात अभ्यासकांची नावं ओळीने पेरली जातात आणि सिद्धांत समोरच्या चित्राला लावायचा राहून जातो. चार नावांपेक्षा एक सिद्धांत नीट लावलेला बरा. तो त्या चित्राला कुठे कमी पडतो, हेही दाखवलं तर उत्तर आणखी वर जातं.

मीडियाचं प्रात्यक्षिक हेच बहुतेकांना खुणावतं, आणि वेळ सर्वांत जास्त तेच खातं. दरवर्षी मंडळ नवीन ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं याची सूचना, देतं. काम प्रत्येकाने एकट्याने करायचं. मित्र अभिनय करू शकतात, पण दिग्दर्शन आणि संकलन तुमचंच. एक्यूएमध्ये सुमारे ५०० शब्दांचं स्टेटमेंट ऑफ इंटेंट, म्हणजे काय आणि कशासाठी बनवणार याचं निवेदन, जोडावं लागतं. ते शूटिंगच्या आधी लिहा. शेवटी लिहिलं की ते झालेल्या कामाचं समर्थन करत बसतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. इंटरनेटवरून उचललेले फोटो चालत नाहीत, चित्रीकरण आणि छायाचित्रं स्वतःचीच हवीत. ब्रीफमध्ये किमान किती ठिकाणं, किती पात्रं हे दिलेलं असतं. एक ठिकाण कमी पडलं तर सुंदर शॉटही त्याची भरपाई करत नाहीत. सगळ्यात जास्त कामं आवाजापायी बिघडतात. फोनचा माइक वारा पकडतो आणि संकलनात तो काढता येत नाही, म्हणून बोलणं असलेला प्रसंग घरात घ्या आणि दुसरा फोन पात्राच्या जवळ ठेवून आवाज वेगळा रेकॉर्ड करा.

लिटरेचरचं कोर्सवर्क (लेखी परीक्षेबाहेर करायचं काम) म्हणजे एक्यूएमध्ये दोन कृतींची तुलना करणारा २५०० शब्दांचा निबंध, त्यातली एक १९०० पूर्वीची. शांतपणे, एकट्याने बसून करायचं काम. इथे फसगत होते ती कृती निवडताना. दोन्हींत 'प्रेम' आहे एवढ्यावर जोडी जमवू नका. दोघांचं मतभेदाचं ठिकाण आधी शोधा.

विद्यापीठाच्या बाबतीत दोघांचं वजन सारखं नाही, आणि आमच्या मते निर्णय इथेच व्हावा. इंग्रजीची पदवी करायची तर बहुतेक ठिकाणी लिटरेचर किंवा लँग्वेज-लिटरेचर असा एकत्र ए-लेव्हल मागतात. पत्रकारिता, चित्रपट किंवा मीडियाच्या पदवीला मात्र मीडिया स्टडीजची अट सहसा नसते. म्हणजे लिटरेचर घेतलेल्याला मीडियाचं दार उघडं राहतं. मीडिया घेतलेल्याला इंग्रजीचं दार बरेचदा बंद होतं. रसेल ग्रुप या ब्रिटनमधल्या नामांकित विद्यापीठांच्या गटाने 'फॅसिलिटेटिंग सब्जेक्ट्स'ची, म्हणजे प्रवेशाला सर्वाधिक मागितल्या जाणाऱ्या विषयांची, यादी २०१९ मध्ये काढून टाकली, तरी प्रत्येक कोर्सची प्रवेशाची अट स्वतः वाचावी लागते. इंग्रजीची पदवी नक्कीच करायची नसेल आणि मुलगा किंवा मुलगी आताच कॅमेरा, संकलन, पानांची मांडणी यांत रमत असेल, तर मीडिया निःशंकपणे घ्या.

तिसऱ्या पर्यायाकडे फार थोडे लोक पाहतात: इंग्लिश लँग्वेज. लहान मुलं भाषा कशी शिकतात, बोली का बदलतात, हे त्यात येतं. एक्यूएमध्ये २००० शब्दांचं स्वतःचं भाषिक संशोधनही करावं लागतं. कादंबऱ्यांचा कंटाळा आहे पण लोक कसे बोलतात याचं कुतूहल आहे, अशांना हा विषय दोन्हींपेक्षा जास्त मानवतो. घरात दोन भाषा बोलणाऱ्या मुलाकडे तर संशोधनाचा विषय रोज जेवणाच्या टेबलावरच असतो.

सिक्स्थ फॉर्मच्या (ए-लेव्हल शिकवणाऱ्या वरच्या वर्गांच्या) ओपन इव्हिनिंगला, म्हणजे माहितीसाठी शाळा खुली असते त्या संध्याकाळी, शिक्षकांना हे विचारा: मंडळ कोणतं, कोणत्या कृती किंवा प्रॉडक्ट्स शिकवणार, संकलनाचं सॉफ्टवेअर शाळा सुटल्यावर वापरता येतं का, आणि दोन्ही विषय एकत्र घेतले तर कोर्सवर्कच्या तारखा एकमेकींवर येतात का.