इसार देण्याआधी घेतलेला सल्ला: कोथरूडमधील एका सीए कार्यालयाचा अनुभव

भाड्याने देण्यासाठी पहिलाच फ्लॅट घेणाऱ्यांना आर्थिक सल्ला देणाऱ्या कोथरूडमधील एका छोट्या सीए कार्यालयाची सेवा आम्ही पती-पत्नींनी गेल्या वर्षी घेतली. दोन बैठकींचे शुल्क 4,000 रुपये होते. आपण कोणत्याही बिल्डरकडून, दलालाकडून वा बँकेकडून मोबदला घेत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत लेखी दिले, आणि माझ्या मते या सेवेचे मोल तिथूनच सुरू होते.

सिंहगड रस्त्यावरील 70 लाखांचा फ्लॅट आम्ही जवळजवळ पक्का केला होता. महिना 22,000 रुपये भाडे म्हणजे वर्षाला 2,64,000, अर्थात पावणेचार टक्के परतावा, असे दलालाने सांगितले होते. सीए बाईंनी एक आखीव फुलस्केप कागद पुढे ओढला, मधोमध पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, "भाडं बारा महिन्यांचं धरू नका, अकराचं धरा. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत घर रिकामं राहतंच." मग 2,42,000 रुपयांतून सोसायटीची वर्षाची देखभाल 36,000, मिळकतकर 16,000 आणि किरकोळ दुरुस्तीचे 15,000 वजा झाले. मालक स्वतः राहत असल्यास पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, ती भाडेकरू ठेवल्यावर मिळत नाही, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. रेघेच्या दुसऱ्या बाजूला किमतीखाली 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 4,90,000, नोंदणी शुल्काचे 30,000, दलालीचे 70,000 आणि रंगकाम, पंखे, गिझर यांचे दीड लाख लिहिले गेले. एकूण 77 लाख 40 हजार रुपये गुंतवून हाती उरणारे 1,75,000, म्हणजे सव्वादोन टक्के. तो कागद आजही माझ्याजवळ आहे.

कर्जाचा भाग त्यांनी तितक्याच बारकाईने समजावला. या रकमेच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क धरत नाही, त्यामुळे 50 लाखांचे कर्ज काढले तरी पदरचे सत्तावीस लाखांहून अधिक घालावे लागणार होते. साडेआठ टक्के दराने 20 वर्षांचा हप्ता सुमारे 43,400 रुपये होतो. भाड्यातून त्याचा निम्मा भागही कसाबसा निघतो, आणि म्हणून सहा हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय कर्जावर सही करू नका, असा त्यांचा आग्रह होता.

आयकराबाबत आम्ही सर्वांत जास्त गैरसमज बाळगून गेलो होतो. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्क्यांची सरसकट वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्तीला कमी खर्च येवो वा जास्त. त्यानंतर व्याज वजा होते. आमच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे 4 लाख 21 हजार असल्याने कागदावर दोन लाख साठ हजारांच्या घरात तोटा दिसत होता. जुन्या करप्रणालीत त्यातील 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो आणि उरलेला पुढील 8 वर्षे केवळ घरभाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत मात्र पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. मी नवी प्रणाली निवडलेली होती, त्यामुळे "कर्ज काढा, कर वाचेल" हा घरोघरी दिला जाणारा सल्ला माझ्यापुरता निरुपयोगी ठरला. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, हे खरे. पण पैसे माझे असतील तर भाड्यावरचा कर मलाच भरावा लागेल, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

उणिवाही नोंदवायला हव्यात. कोणती कागदपत्रे आणायची याची यादी आधी न मिळाल्याने पहिल्या बैठकीतील अर्धा तास वाया गेला. भाडेकराराचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत उरकला गेला. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, एवढेच कळले. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी जे जादा शुल्क घेते, त्या बिनभोगवटा शुल्काचा तर त्या कागदावर उल्लेखच नव्हता. पुढे धायरीत जुना वन बीएचके घेतल्यावर सोसायटीने त्यापोटी महिन्याला 1,000 रुपये मागितले, तेव्हा हे शुल्क देखभाल बिलातील सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे मला स्वतः शोधून पत्राने कळवावे लागले. पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्याला ही माहिती सल्लागाराकडूनच मिळायला हवी.

तरीही मी ही सेवा मनापासून सुचवतो, मात्र इसार देण्याआधी जाणाऱ्यांनाच. आमच्या आधी आत गेलेले एक जोडपे दोन लाखांचा इसार देऊन आले होते. त्यांच्यासाठीही तोच कागद मांडला गेला, पण त्यावरचा आकडा पाहून मागे फिरायची सोय त्यांना उरली नव्हती. जाताना घराचा दर, अपेक्षित भाडे, सोसायटीचे देखभाल बिल, मिळकतकराची पावती आणि स्वतःचे मागील वर्षाचे आयकर विवरणपत्र सोबत न्यावे.