कॉलेजात स्पॅनिश शिकवायचंय: आधी दिल्ली-हैदराबादचं एमए, की पुण्याची पदविका?

बारावी झालेली असो की पदवी, खान्देशातून स्पॅनिशच्या प्राध्यापकीकडे जायचं तर दोनच रस्ते दिसतात. पहिला रस्ता म्हणजे जेएनयू, दिल्ली विद्यापीठ किंवा हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) गाठायची, स्पॅनिशमध्ये बीए-एमए करायचं आणि नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा द्यायची. दुसऱ्यात जळगाव, धुळे, अमळनेर जिथे नाव घातलंय तिथली बीकॉम-बीएस्सी पुरी करायची, मग पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी प्रमाणपत्र-पदविका घ्यायची आणि डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या पायऱ्या चढायच्या. भाषा दोन्हीकडून येते. नोकरीच्या छाननीत मात्र दोन्ही कागदांना सारखी किंमत नसते, आणि हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

डेले हे इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पेनच्या भाषासंस्थेमार्फत मिळणारं स्पेन सरकारचं प्रमाणपत्र. ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या, आणि एकदा हातात पडलं की मुदत संपत नाही. (सिएले ही स्पॅनिशचीच दुसरी, संगणकावर होणारी परीक्षा; तिचा निकाल ५ वर्षंच चालतो.) भाषा येते याचा हा पक्का पुरावा. पण सहायक प्राध्यापकाच्या जागेला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम लागतात: विषयातलं एमए किमान ५५ टक्क्यांनी आणि सोबत नेट, सेट (राज्याची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी. डेलेची बी२ पायरी मिळवलेला बीकॉमवाला कितीही फर्डा बोलत असला तरी त्याचा अर्ज इथेच बाजूला पडतो.

वर्गात उभं राहिल्यावर मात्र पारडं हलतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मुळाक्षरांपासून शिकवायचं असतं, आणि तिथे पदविकावाले अनेकदा सरस ठरतात, कारण मोठेपणी शिकल्यामुळे माणूस कुठे अडतो ते त्यांना ठाऊक असतं. त्यातून मराठी माध्यमाचा शिक्षक असेल तर सोन्याहून पिवळं. स्पॅनिशमधले त आणि द जवळपास आपलेच, इंग्रजीसारखे ट-ड नव्हेत. स्वर पाचच आणि स्वच्छ. ‘मे गुस्ता एल मांगो’ची रचना ‘मला आंबा आवडतो’सारखीच: क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीच्या आधाराने शिकवणारे यावर तासच्या तास घालवतात. नामाला लिंग असतं याचंही आपल्याला नवल नाही. खरी दमछाक होते ती ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘असणं’ क्रियापदांत, आणि पुढे सब्जंक्टिव्हमध्ये, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपांत.

साहित्य शिकवायची वेळ आली की पदविका तोकडी पडते. १६०५ आणि १६१५ साली दोन भागांत आलेली सर्व्हांतेसची ‘डॉन किहोते’ ही कादंबरी, स्पॅनिश साहित्याच्या सुवर्णयुगातली नाटकं, १९६० च्या दशकात लॅटिन अमेरिकी कादंबरीला आलेला बहर, हे सगळं संदर्भासकट उलगडायची सवय एमएतच लागते. स्पॅनिशमध्ये ‘रोमान्से’ नावाची जुनी गाणी आहेत: आठ अक्षरांच्या ओळी, सम ओळींच्या शेवटी स्वरांचं यमक, पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली आणि नंतर कुणीतरी उतरवून घेतलेली. बहिणाबाईंच्या मुलखात हे शिकवायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. त्या स्वतः लिहीत नव्हत्या, गाणी घरच्यांनी टिपून घेतली, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण ही जोडणी सुचायला शिक्षकाने रोमान्से मुळातून वाचलेली हवी.

पैशाचं थोडक्यात. खान्देशातच पूर्णवेळ जागा निघेल या भरवशावर कुणीही राहू नये. २०२० च्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांच्या यादीत स्पॅनिश आहे खरी, पण इथे हाती येणारं काम बहुधा तासिका तत्त्वावरचं किंवा ऑनलाइन बॅचेसचं, आणि त्याला पदविकाही चालून जाते. केळीच्या निर्यातीत स्पॅनिशला मोठा भाव येईल, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. रावेर-यावलचा माल प्रामुख्याने आखातात जातो, आणि स्पॅनिश बोलणारा इक्वाडोर तर केळीत आपला तगडा स्पर्धक आहे.

माझं मत विचाराल तर बारावीनंतर हात मोकळे असतील तर पहिलाच रस्ता. जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठाचं बीए सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून मिळतं, स्पॅनिश आधी यायला लागत नाही आणि भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत. घरचे ‘इतक्या लांब कशाला’ म्हणतील. त्यांना ५५ टक्क्यांची अट दाखवा. पदवी झालेली असेल तर पुण्याचा रस्ता धरा, पण तिथेच मुक्काम ठोकू नका. एमएला थेट बसायला भाषा बरीच यावी लागते आणि पात्रता प्रत्येक विद्यापीठाची निराळी असते, तेव्हा पहिल्याच वर्षी माहितीपत्रकं मागवून ठेवा आणि बी२ हातात आलं की सी१ च्या आधी एमएचा अर्ज भरा. घर सोडणं शक्यच नसेल तर पदविका घेऊन तासिका आणि बॅचेस खुशाल करा. फक्त त्यातून प्राध्यापकपद मिळेल असं कुणी फी घेताना सांगत असेल, तर ते त्याच्याकडून लिहून मागा.