दहापटीचं भिंग आणि एक इंग्लिश खिशातलं घड्याळ : नऊ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात कॉव्हेंट्रीत, म्हणजे आम्ही राहतो त्याच शहरात, जुन्या वस्तूंच्या एका बाजारात मी चांदीचं खिशातलं घड्याळ घेतलं. १४० पौंड. विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं, "लडलोत बनलंय, डायलवर नाव आहे बघा." नाव होतं खरं. एक आडनाव आणि त्याखाली लडलो, श्रॉपशायरमधलं एक लहानसं बाजारगाव. त्या एका वाक्यापायी मी पुढे दहापटीचं भिंग घेतलं, जुन्या नोंदींच्या संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली आणि दोन सुट्ट्या श्रूजबरीच्या दफ्तरखान्यात घालवल्या. नवरा म्हणतो, यापेक्षा नवं घड्याळ स्वस्त पडलं असतं. बरोबरच आहे त्याचं.

आधी भिंगाबद्दल, कारण ते घ्यायचा विचार करणारे जास्त असतील. आधी मी वीसपटीचं स्वस्त भिंग मागवलं होतं. ते घेऊ नका. त्यातून दिसतं एवढंसं, उजेड कमी पडतो आणि हात जरा हलला की सगळं गायब. दहापटीचं, तीन काचा जोडलेलं, १८ मिलिमीटर व्यासाचं मिळालं की पुरे. माझं १८ पौंडांना पडलं. पाचव्या महिन्यात त्याचा स्क्रू सैल झाला, तो घट्ट केला, बाकी तक्रार नाही. भिंग डोळ्याला भिडवायचं आणि वस्तू जवळ आणायची, उलट नाही. हे कळायला मला आठवडा लागला.

घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर आत चार शिक्के दिसले: जहाजाचा नांगर, एक पाय उचलून चालणारा सिंह, एक अक्षर आणि कुणाची तरी आद्याक्षरं. सिंह म्हणजे चांदी ९२५ शुद्धतेची. नांगर म्हणजे ती तपासली बर्मिंगहॅमला. समुद्राचा वाराही न लागणाऱ्या गावाला नांगर कसा, तर बर्मिंगहॅम आणि शेफील्डला १७७३ मध्ये चांदी तपासून शिक्का मारणारी स्वतःची कार्यालयं मिळाली, तेव्हा त्यासाठी खटपट करणारी मंडळी लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' (मुकुट आणि नांगर) नावाच्या खानावळीत जमत असत. त्यावरून एकानं मुकुट घेतला, एकानं नांगर, अशी आख्यायिका आहे.

अक्षर वर्षाचं. इथेच मी सपशेल आपटले. एकेक अक्षर दर वर्षी पुढे सरकतं, यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून, फक्त अक्षराचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार बदलतो. बर्मिंगहॅमची एक फेरी १८७५ ला सुरू झाली, पुढची १९०० ला. माझं अक्षर झिजलेलं होतं. मी १९०३ वाचलं. शिवाय पुरावाही सापडला असं वाटलं, कारण राणीच्या मुखवट्याचा शिक्का नव्हता. चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून गादीवरच्या राजाचा किंवा राणीचा मुखवटा १७८४ पासून मारत आणि १८९० ला कर गेल्यावर तो बंद झाला. म्हणजे माझं घड्याळ १८९० नंतरचं, हिशेब जुळला! दोन महिने मी विसाव्या शतकातल्या लडलोच्या पेठेत एक घड्याळजी शोधत बसले आणि तो काही भेटेना.

मग कळलं की घड्याळांच्या केसना, म्हणजे बाहेरच्या चांदीच्या कवचांना, हा कर १७९८ पासून माफच होता. पंतप्रधान पिटनं १७९७ मध्ये घड्याळांवर कर बसवला, धंदा इतका बसला की वर्षभरात तो मागे घ्यावा लागला, आणि त्याच सुमारास केसवरच्या चांदीचा करही सोडला. म्हणजे मुखवटा नसणं या घड्याळाबाबत काहीच सांगत नाही. चांदीच्या चमच्यावर नसेल तर सांगतं, घड्याळावर नाही. पुन्हा भिंग लावलं, या वेळी खिडकीशी, तिरप्या उजेडात. अक्षर गॉथिक वळणाचं, म्हणजे १८७५ च्या फेरीतलं निघालं. १८७८. आणि तेही १८७८-७९ म्हणायचं, कारण त्या काळी अक्षर जानेवारीत नाही, जुलैत बदलत असे. जानेवारीचा नियम सगळीकडे १९७५ पासून.

आता आद्याक्षरं. ती डायलवरच्या आडनावाशी जुळतच नव्हती. जुळणार कशी? ती केस बनवणाऱ्याची होती. आपल्याकडे पाटल्यांवर सराफाच्या पेढीचा शिक्का असतो आणि त्या घडवलेल्या असतात मागच्या बोळातल्या कारागिरानं, तसलाच प्रकार. फक्त इथे उलटं आहे: केसच्या आत कारागिराची खूण आणि दर्शनी भागावर दुकानदाराचं नाव. तेव्हाच्या लँकशायरमधल्या प्रेस्कॉट गावात कच्चं यंत्र तयार व्हायचं, ते कॉव्हेंट्रीसारख्या गावी यायचं आणि तिथे डायलवाला वेगळा, काटेवाला वेगळा, स्प्रिंगवाला वेगळा, कोरीव कामवाला वेगळा असं हातोहात फिरून पुरं व्हायचं. शेवटी गावोगावचे घड्याळजी-जवाहीर ते घाऊक घेऊन आपलं नाव घालून विकायचे. "लडलोत बनलंय" म्हणणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. पण गंमत बघा, माझं घड्याळ बहुधा मी राहते त्या घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर जोडलं गेलं असेल. कॉव्हेंट्रीच्या चॅपलफील्ड्स भागात आजही जुनी घरं आहेत, मागच्या बाजूला मोठ्या खिडक्या असलेली, बारीक कामाला उजेड मिळावा म्हणून. तिथून मी चार वर्षं बसनं जात होते.

नोंदींच्या संकेतस्थळाला मात्र मी पाचपैकी दोनच देईन. मूळ कागदांच्या प्रती उत्तम, पण अनुक्रमणिका करणाऱ्यांनी हस्ताक्षर वाचताना कहर केलाय. एका ठिकाणी 'वॉचमेकर'चं 'मॅचमेकर' झालेलं, अख्ख्या तालुक्याची लग्नं जमवणारा! तेव्हा नावानं शोधू नका, रस्ता आणि धंदा धरून शोधा. जनगणना दर दहा वर्षांनी, १८४१ पासून धंद्यासकट मिळते. मृत्युपत्रांची छापील सूची १८५८ पासून देशभराची एकच आहे, त्याआधी चर्चच्या न्यायालयांत हिंडावं लागतं. माझा दुकानदार १८८१ च्या जनगणनेत सापडला, बायको, चार मुलं, एक शिकाऊ पोरगा. १८९१ मध्ये त्याच पत्त्यावर घरची प्रमुख म्हणून बायको आणि तिच्यापुढे धंदा लिहिलाय घड्याळजी आणि जवाहीर. हे वाचून मी बराच वेळ त्या पानावरच थांबले. श्रूजबरीच्या दफ्तरखान्यात जुन्या वर्तमानपत्रात तिची जाहिरातही मिळाली: चष्मे, लग्नाच्या अंगठ्या, दुरुस्ती.

रोजच्या वापरात घड्याळ कसं आहे? दिवसाला तीनेक मिनिटं पुढे पळतं. रोज रात्री दहाला चावी द्यायची, एका चावीत साधारण तीस तास चालतं. आत स्प्रिंगच्या डब्यापासून शंकूपर्यंत जाणारी सायकलच्या चेनसारखी पण अगदी बारीक साखळी आहे. असल्या साखळ्या तेव्हाच्या हॅम्पशायरमधल्या क्राइस्टचर्चला बायका आणि लहान मुली करत, वर्कहाउसमधल्या, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेत त्या आश्रयगृहांतल्यासुद्धा. डोळे जायचे म्हणतात, आणि ती साखळी भिंगाखाली पाहिली की नवल वाटत नाही. माझी मार्चमध्ये तुटली. दुरुस्तीला सहा आठवडे आणि ९५ पौंड गेले. पॉलिश मात्र करू देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. शिक्के झिजतात ते त्यानंच.

ज्यांना वेळ बघायचीय त्यांनी हे घेऊ नये. ज्यांना अशा शोधाची हौस आहे त्यांनी आधी चमच्यापासून सुरुवात करावी, घड्याळापेक्षा सोपा आणि स्वस्त. एक्सेटरचा तीन बुरुजांचा शिक्का १८८३ ला बंद झाला, न्यूकॅसलचे तीन किल्ले १८८४ ला, चेस्टरच्या तीन गव्हाच्या पेंढ्या थेट १९६२ पर्यंत टिकल्या. गाव ओळखण्यापुरतं एवढं पाठ असलं तरी बाजारात फसवणूक कमी होते.

एक राहिलं. झाकणाच्या आत, शिक्क्यांपासून दूर, बारीक खरवडलेले आकडे आहेत. दुरुस्ती करणारे आपला क्रमांक असा सुईनं टिपून ठेवत. मला सहा सापडले, एकाशेजारी १९१२ असं साल वाचता येतं. एप्रिलमध्ये घड्याळ परत आलं तेव्हा भिंग लावलं तर सगळ्यात खाली सातवा, अजून चकचकीत. न विचारता केलं म्हणून आधी चिडले होते.