छेदातली करणी: काढायची की ठेवायची?

गोव्यात डिचोलीत माझ्याकडे नववी-दहावीची मुलं शिकवणीला येतात. प्राथमिक मराठीत झालेली, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेली. त्यांच्या पुस्तकात ‘रॅशनलाइज द डिनॉमिनेटर’ असतं. शेजारी महाराष्ट्रातल्या दोडामार्गच्या मराठी पुस्तकात तेच ‘छेदाचे परिमेयीकरण’, म्हणजे छेदातली करणी (√२ सारखं, पूर्णांकात किंवा अपूर्णांकात नेमकं न बसणारं मूळ) काढून टाकणं. प्रश्न मात्र दरवर्षी एकच येतो: सर, १/√२ बरोबर आहे, तर √२/२ कशाला?

किंमत दोन्हींची एकच. १ ला १.४१४ ने हातानं भागून बघा आणि मग १.४१४ ला २ ने भागा. दुसरं तोंडी होतं, ०.७०७. पण एवढ्यासाठी मी हट्ट धरला नसता.

खरी गोष्ट छेदात वजाबाकी असली की कळते. १/(√१०−३) घ्या. √१० म्हणजे ३.१६ धरलं तर छेद ०.१६ आणि उत्तर ६.२५. आता अंश-छेदाला √१०+३ या अनुबद्ध करणीनं, म्हणजे मधलं चिन्ह बदललेल्या जोडीदारानं, गुणा. छेद १०−९, म्हणजे १. उत्तर √१०+३, त्याच ३.१६ नं ६.१६. खरी किंमत ६.१६२ च्या जवळ आहे. √१० चे पुढचे अंक सोडल्यामुळे झालेली बारीकशी चूक पहिल्या रीतीत सुमारे ३८ पट झाली, कारण जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा झाल्या आणि उरलेल्या इवल्याशा छेदानं भागावं लागलं. इथे परिमेयीकरण कराच.

याच कारणानं कधी करणी मुद्दाम छेदात ढकलावी. √१०१−१० काढताना √१०१ ला १०.०५ धरलं तर ०.०५ येतं. तेच √१०१+१० नं गुणून-भागून १/(√१०१+१०) असं लिहिलं तर १/२०.०५, म्हणजे ०.०४९८८, खऱ्या किमतीला हे कितीतरी जवळ. पुढे लिमिट शिकताना अंशाचं परिमेयीकरण करतात, तेव्हा ही रीत ओळखीची वाटते.

६/√१२ सारख्या उदाहरणात आधी √१२ चे २√३ करा, आकडे लहान राहतात.

बेरीज असेल तर करणी वर आणा: १/√३ + √३ म्हणजे √३/३ + √३, म्हणजे ४√३/३. दहावीच्या त्रिकोणमितीत मात्र साइन ४५° चे १/√२ तसंच ठेवा. वर्ग केला की लगेच १/२ मिळतं, आणि पुस्तकातल्या कोष्टकातही ते तसंच छापलेलं आहे. प्रश्नातच ‘रॅशनलाइज करा’ म्हटलं असेल, तर मात्र छेदात करणी ठेवून उठू नका.