गरम करून ठेवलेली गाडी

जुनी गाडी बघायला गेलात आणि बॉनेटला हात लावल्यावर ते कोमट लागलं, तर सरळ सांगा, "मी उद्या सकाळी येते, तोवर गाडी सुरू करू नका." आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच जा. माझ्या बाबतीत सगळी लबाडी त्या कोमट बॉनेटपासून सुरू झाली, म्हणून हे आधी लिहिलं.

गाडी २०११ ची, पेट्रोलवरची, पाच गिअरची साधी हॅचबॅक. कंपनीचं नाव घेत नाही, कारण इतकी वर्षं चाललेल्या गाडीच्या गिअरबॉक्सची झीज हा काही कंपनीचा दोष नव्हे. झीज लपवून विकली, हा दोष. मी वाईला राहते, नोकरी साताऱ्यात. संध्याकाळी सुटायला उशीर झाला की एसटीचा भरवसा नसतो, म्हणून दोन लाखांच्या आतली गाडी शोधत होते. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे ही मिळाली. धाकटा भाऊ सोबत आला होता. गाडी मी चालवणार, पैसे मी देणार, पण विक्रेता बोलत होता फक्त भावाशी. मला विचारलं ते एवढंच, "ताई, चहा चालेल ना?"

कागद आम्ही नीट तपासले. आरसी, विमा, पीयूसी, थकलेली चलनं, बँकेचा बोजा उतरलाय की नाही, सगळं. पत्र्यावर पुट्टी मारलीय का ते भावाने बोटाने ठोकून पाहिलं, टायरची नक्षी पाहिली, इंजिनचं तेल काडी ओढून पाहिलं. सगळं ठीक होतं. जे खराब होतं त्याची नोंद कुठल्याच कागदावर नसते, आणि ते बघायला काडीही नसते.

चक्कर मारायला निघालो तेव्हा आधी विक्रेत्याकडचा मुलगा चालवायला बसला. "पिकअप दाखवतो," म्हणाला. एसीचा पंखा शेवटच्या आकड्यावर, गाणी मोठ्याने. त्याचा डावा हात सगळा वेळ गिअरच्या दांड्यावर होता. आपल्याकडे निम्मे लोक तसंच चालवतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. मग मी चालवली. रस्ता सपाट, रहदारी बेताची, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येच बहुतेक चक्कर संपली. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज आला. "जुन्या गाडीत एवढं होतंच, ताई." हे मात्र तो खरं बोलला होता. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणारी रिंग, नसतो, क्लच दाबून क्षणभर थांबलं नाही तर तो ओरडतोच. खोटं बोलणारा माणूस मधूनमधून खरंही बोलतो, त्यामुळेच त्याचं बाकीचं पटतं.

पैसे देऊन गाडी घेऊन निघालो. पुण्याकडे जाताना खंबाटकीला बोगदा लागतो, येताना मात्र आम्हाला घाटच चढावा लागला. पुढे उसाने भरलेला ट्रक रांगत होता. दुसऱ्या गिअरवर त्याच्यामागे जाताना एका वळणावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि दांडा खट्कन आपोआप न्यूट्रलमध्ये आला. मागे लागोपाठ गाड्या. पुन्हा टाकला, पुढच्या वळणावर पुन्हा निसटला. शेवटी दुसरा गिअर हाताने दाबून धरला, तेव्हा कुठे माथा आला. तोवर खालून घूं असा आवाजही सुरू झाला होता, जो पुण्यात अजिबात नव्हता. सुरूर फाट्याला वळून घरी पोचलो तेव्हा भाऊ म्हणाला, "तो पोरगा हात का काढत नव्हता, ते आता कळलं."

विक्रेत्याला फोन केला. तो अजिबात चिडला नाही. उलट म्हणाला, साताऱ्यात आमच्या ओळखीचं गॅरेज आहे, तिथे दाखवा, माझं नाव सांगा, कमी पैशांत करून देईल. इथे फसवणुकीचा दुसरा अंक सुरू झाला, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा हा जास्त निर्लज्ज होता.

त्या गॅरेजवाल्याने दोन मिनिटं गाडी चालवली आणि निदान सांगितलं, क्लच गेलाय. वर मलाच ऐकवलं, "मॅडम, लेडीज लोकांना क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असते." गाडी माझ्याकडे आल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट आणि मजुरी लावून बिल केलं. जुने पार्ट मागितले, तर काळीठिक्कर पडलेली एक प्लेट कागदात गुंडाळून दिली. गाडी तशीच. दुसरा गिअर निसटतोच आहे.

क्लचचा आणि एकच गिअर निसटण्याचा संबंध नसतो, हे मला नंतर आमच्या वाईच्या चाचांनी समजावलं. त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, पण आयुष्य गिअरबॉक्स खोलण्यात गेलेलं. त्यांची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर एकही पडत नाही किंवा सगळेच ओरडतात, तर क्लच नीट सुटत नाही असं समजायचं. एकाच गिअरला त्रास असेल, तर तो आजार गिअरबॉक्सच्या आतला. आवाजाचंही तसंच. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लचवरचा पाय काढायचा. घूं आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो, तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या आसाचं, बेअरिंग गेलं. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. माझ्या गाडीचा आवाज दाबल्यावर थांबत होता.

चाचांनी गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट सोडला आणि तेल बघून हसायलाच लागले. माझ्या गाडीला ७५डब्ल्यू-९० हे पातळ तेल लागतं, दोनेक लिटर. आतून निघालं ते काकवीसारखं जाड. "एकशे चाळीस नंबर," चाचा म्हणाले. ट्रक-ट्रॅक्टरला वापरतात ते. जाड तेलाने झिजलेल्या बेअरिंगचा आणि दात्यांचा आवाज दबतो. पूर्वी याच कामाला लाकडाचा भुसा घालायचे, असंही त्यांनी सांगितलं. पण जाड तेलाची एक अडचण आहे. थंड गाडीत ते इतकं घट्ट असतं की सकाळी पहिला-दुसरा गिअर पडताना दांडा अडतो आणि गिऱ्हाइकाला लगेच शंका येते. म्हणून गाडी दाखवण्याआधी फिरवून कोमट करून ठेवायची. तेल सैल पडतं, गिअर लोण्यासारखे पडतात, आणि आवाज दबण्याइतकं जाडही राहतं. पुण्यातली आमची चक्कर नेमकी या मधल्या अवस्थेत बसवलेली होती. घाटात गिअरबॉक्स चांगला तापला, तेल पातळ झालं आणि दबलेलं सगळं बाहेर आलं.

ड्रेन बोल्टला बहुधा चुंबक असतं, त्याला बारीक काळी लोखंडी भुकटी चिकटलेली दिसणं हे नेहमीचंच. माझ्या बोल्टला धारदार कपचे होते, आणि तेल उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी चमक दिसत होती. ती पितळी सिंक्रो रिंगांची झीज. मग गिअरबॉक्स खाली उतरवला. दुसऱ्या गिअरचे 'डॉग टीथ', म्हणजे ज्यांत गिअर अडकून राहतो ते दाते, गोल झालेले, सिंक्रो रिंग गुळगुळीत, गिअर सरकवणारा शिफ्टरचा काटा झिजलेला.

आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लचही समोर आला. जुनाच होता. ज्या सेटचं बिल मी भरलं होतं तो बसवलेलाच नव्हता. बोल्टांवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. मला कागदात गुंडाळून दिलेली प्लेट चाचांनी शाफ्टवर धरून दाखवली. तिचे खाचे माझ्या गाडीच्या शाफ्टवर बसतच नव्हते. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची होती ती.

चाचांनी काम पुढे नेण्याआधी एक शहाणपणाची गोष्ट केली. "ताई, फोटो काढा, व्हिडिओ काढा, तेल टाकून द्यायचं नाही." ते तेल बाटलीत भरून, झाकणावर कागद चिकटवून, तारीख आणि सह्या घालून ठेवलं. काय काय सापडलं ते त्यांनी बिलाच्या कागदावर लिहून दिलं. झिजलेले पार्ट पोत्यात घालून मी घरी आणले. आई अजून विचारते, हे भंगार कधी जाणार.

गाडी घेणाऱ्याने चाचांकडून शिकण्यासारखी एक चाचणी आहे. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि एकदम सोडायचा, दांड्याला हात न लावता. मग तेच तिसऱ्यात. शिवाय तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना कर्र होतं का पाहायचं, कारण सिंक्रो आधी तिथे बोलतो. गाणी आणि एसी बंद. जमलं तर एखादा चढ शोधायचा. पुण्यात कात्रज आहे, दिवे घाट आहे, चढाला काही तोटा नाही. विक्रेता म्हणाला "घाटात नेऊ देत नाही", तर त्यातच उत्तर आलं.

आता विक्रेत्याचं. फोटो पाठवल्यावर त्याचा सूर बदलला. पहिलं उत्तर, "गाडी जशी आहे तशी घेतलीत, कागदावर सही आहे." दुसरं जास्त हुशारीचं होतं, "विकणारे आम्ही नाहीच, आरसीवर ज्यांचं नाव आहे त्यांनी तुम्हाला विकली. आम्ही फक्त मध्यस्थ." मूळ मालकाकडून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी थेट गिऱ्हाइकाच्या नावावर करायची, ही या धंद्यातली जुनी रीत. म्हणजे कागदोपत्री विक्रेता कुठेच नसतो, आणि दोन खासगी माणसांमधला व्यवहार ग्राहक आयोगात टिकवणं अवघड जातं. खरं तर नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यायची असते. ते अधिकारपत्र आधी दाखवायला सांगा. माझ्या विक्रेत्याकडे नव्हतं.

माझ्या बाजूने एक गोष्ट होती. त्याने अर्धे पैसे रोख मागितले होते, ते मी नाकारले होते आणि सगळी रक्कम बँकेतून त्याच्या दुकानाच्या खात्यात टाकली होती. नुसत्या मध्यस्थाच्या खात्यात गाडीची पूर्ण किंमत कशी जाते, हा प्रश्न माझ्या नोटिशीत पहिला आहे.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून विक्रेत्याला विचारणा गेली, त्याने उत्तर दिलं नाही. मग लेखी नोटीस, आणि नंतर सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही दाद मागता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. गॅरेजवाल्यालाही त्यात सामनेवाला केलंय. न बसवलेल्या क्लचचं पक्कं बिल त्याने स्वतःच्या शिक्क्यानिशी दिलं होतं, यापेक्षा मोठा पुरावा मला शोधूनही मिळाला नसता.

आयोगाची नोटीस पोचल्यावर विक्रेत्याचा फोन आला. भावाला नाही, या वेळी मला. गिअरबॉक्सचा निम्मा खर्च देतो म्हणाला, पण "काहीही तक्रार नाही" असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. मी पूर्ण खर्च आणि क्लचचं बिल मागितलंय. त्यावर तो विचार करून सांगतो म्हणाला आहे. सुनावणीची तारीख त्याच्या विचारासाठी थांबणार नाही, तेलाची बाटली माझ्या कपाटात आहे.