जळू-मोजे: खरेदी पावसाळ्यासाठी, खरा उपयोग उन्हाळ्यात

जळू-मोजे दुकानांत दिसू लागतात ते पावसाळ्याच्या तोंडावर, आणि आंबोलीसारख्या ओल्या रानांत जळवा पायावर चढू नयेत एवढ्याच हेतूने बहुतेक लोक ते घेतात. पाऊस सरला की ते धुऊन कपाटात जातात. सह्याद्रीत वनस्पती, सरडे किंवा पक्ष्यांची पाहणी करणाऱ्यांसाठी मात्र या मोज्यांची खरी किंमत नोव्हेंबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत कळते, कारण तो काळ गोचिडींच्या पिल्लांचा असतो. जळू रक्त पिऊन गळून पडते आणि मागे थोडी खाज सोडते. गोचीड मात्र आजार देऊन जाऊ शकते.

हे मोजे साध्या मोज्यांसारखे विणलेले नसून घट्ट वीण असलेल्या सुती कापडाचे शिवलेले असतात. ते साध्या मोज्यांवर आणि विजारीच्या पायांवरून चढवायचे, गुडघ्याखाली नाडीने बांधायचे आणि मग बूट घालायचे. साध्या मोज्याच्या विणीतून जळू आपले बारीक तोंड सहज आत घालते, तसे या कापडातून तिला जमत नाही. शिवण चांगली असेल तर गोचिडीच्या सहा पायांच्या अळीलाही आत शिरता येत नाही. माझ्याकडच्या जोडीची शिवण दुहेरी आहे, तरी बोटांपाशी ती आतून जाड राहिल्याने उतारावर सतत टोचते. घेण्यापूर्वी मोजा उलटा करून ही जागा बोटाने चाचपून पाहावी, आणि कापड उजेडासमोर धरून शिवणीच्या कडेने भोके दिसतात का तेही पाहावे.

गोचिडीचा विषय गंभीर आहे, कारण कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात १९५७ साली ओळखला गेलेला क्यासनूर जंगल आजार, म्हणजे आपल्याकडचा माकडताप, आता तिथेच थांबलेला नाही. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ मध्ये त्याचे रुग्ण आढळले. तेथे काजूच्या बागांत आणि पालापाचोळा गोळा करायला रानात जाणाऱ्यांना हा धोका रोजचा आहे. पाहणीला गेलेला माणूस तर पाचोळ्यातच गुडघे टेकून बसतो. रोग पसरवणाऱ्या हिमाफायसॅलिस नावाच्या गोचिडीचे पिल्लू जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असते, आणि त्याचा चावा बहुधा जाणवतही नाही. या आजाराने माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. म्हणून रानात मेलेले माकड दिसले तर कुतूहलाने जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्यकेंद्राला कळवणे, हे कोणत्याही मोज्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

इथेच या वस्तूवरचा माझा मुख्य आक्षेप येतो. बाजारात मिळणारे बहुतेक जळू-मोजे गडद हिरवे किंवा चट्ट्यापट्ट्यांचे असतात. पक्षीनिरीक्षकाला ते शोभत असतील, पण तपकिरी पिल्लू त्यावर अजिबात उठून दिसत नाही. गोचीड मोज्यावरच अडून राहत नाही. ती वर चढत जाते आणि नाडीची गाठ ओलांडून मांडीपर्यंत पोहोचते. मोजा तिला उशीर करतो, आणि तेवढ्या वेळात ती दिसली पाहिजे. म्हणून न रंगवलेले, पांढरट कापड मिळेल तेच घ्यावे, मग ते पहिल्याच दिवशी लाल मातीने माखले तरी चालेल. बसण्यापूर्वी आणि उठल्यावर दोन्ही पायांवरून नजर फिरवायची, आणि अळ्यांचा पुंजका दिसला तर तो हाताने झटकण्याऐवजी रुंद चिकटपट्टीने उचलून घ्यायचा.

मोज्यासोबत डास-कीटक पळवणारे औषध लागतेच, पण ते कातडीवर चोपडण्यापेक्षा मोज्याच्या वरच्या काठावर आणि विजारीच्या खालच्या भागावर लावल्याने अधिक उपयोग होतो. डीट असलेले औषध सुती कापडाला आणि नायलॉनला काही करत नाही. स्पॅन्डेक्स, रेयॉन आणि प्लॅस्टिक मात्र ते खराब करते. त्यामुळे वर लवचीक पट्टी शिवलेल्या मोज्यांपेक्षा साध्या नाडीचे मोजे बरे, आणि औषध लागलेले हात दुर्बिणीला किंवा घड्याळाच्या पट्ट्याला लावू नयेत. कपड्यांवर मारायचे पर्मेथ्रिन हे कीटकनाशक गोचिडींवर प्रभावी असते. मात्र औषधाच्या दुकानात त्याच नावाने मिळणारे खरजेचे मलम हा त्याचा पर्याय नव्हे, आणि घरात मांजर असेल तर ओले फवारलेले कपडे तिच्यापासून दूर ठेवावे लागतात, कारण तिला ते विषारी ठरते.

गैरसोयी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या दुपारी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ-पठारावर, हे जाड कापड पाय उकडून काढते. कुसळे त्यात अशी रुततात की संध्याकाळी ती उपटण्यात बराच वेळ जातो, आणि ओले झालेले मोजे रात्रभरात सुकत नाहीत, म्हणून दोन जोड्या हव्यातच. नायलॉनचे मोजे लवकर सुकतात आणि कुसळेही कमी धरतात, पण त्यांत घाम कोंडतो. पावसाळ्यासाठी ते ठीक, उन्हाळ्यासाठी सुतीच.

मोजे घातले म्हणून अंगाची तपासणी टळत नाही. परतल्यावर काखा, कंबरपट्टा, गुडघ्यामागची खाच आणि केसांची मुळे पाहावीत. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी; तिच्यावर रॉकेल, मीठ किंवा जळती काडी हे गावठी उपाय करू नयेत. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आधी सांगावे. अंगावर काळी खपली धरलेली, न दुखणारी जखम दिसली तर तीही दाखवावी, कारण ती गोचिडीऐवजी चिगर माइट या बारीक किड्याने दिलेल्या स्क्रब टायफस या तापाची खूण असू शकते आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा उपचार वेळेत मिळाला तर गुण येतो.

साधारण ५०० रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या वस्तूला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण रंगामुळे कापला आहे. माप घेताना बुटाच्या मापापेक्षा एक अंक मोठे घ्यावे, कारण आत साधा मोजा आणि विजारीचा काठ दोन्ही मावायला हवेत. मोजे घालूनच बूट पायात नीट बसतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे.